विषय: वाचनालय प्रकल्प, दहा वर्षांनी काय हवं?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार,
आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या वाचनालय प्रकल्पाचा मसुदा सोबत जोडला आहे. जुनी पुस्तकं आणि मंडळाचे जुने अंक स्कॅन करणे, त्यासाठी स्कॅनर व संगणक, खोलीची डागडुजी, चार नवी कपाटं. देणगीदार कुटुंब पाच लाख द्यायला तयार आहे. मात्र 'दीर्घकालीन उद्दिष्ट' या मथळ्याखाली काहीतरी ठोस लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं आहे. मी सध्या 'मराठी भाषा व संस्कृतीचे जतन आणि संवर्धन' असं लिहिलंय. हरकत नसेल तर रविवारच्या बैठकीत मंजूर करून टाकू. वेळ साडेपाच, नंतर सेव उसळ.

प्रेषक: सभासद, रावपुरा

मंजूर. उसळ तिखट सांगा, मागच्या वेळी अगदीच गुळमुळीत होती.

प्रेषक: वाचनालय विभाग

सचिवकाका, माझी हरकत आहे, आणि जरा लांबलचक आहे.

'जतन आणि संवर्धन' गणपतीच्या स्मरणिकेत शोभतं. पण दहा वर्षांनी ते झालं की नाही, हे कोण कशावरून सांगणार? मसुद्यातली बाकीची सगळी कलमं खरेदीची आहेत. मार्चअखेर बिलं लागली की प्रकल्प संपला! २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, आपण सगळे धावपळ करत होतो. त्यानंतरच्या वर्षी आपल्या वाचनालयात नवे वाचक किती आले, हे मोजायचं कुणाला सुचलं होतं का?

मला मसुदा शेवटाकडून लिहायचाय. २०३६ साली शनिवारी संध्याकाळी आपल्या वाचनालयात कोण बसलेलं असावं? आज येतात ते बहुतेक साठीपुढचे. मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. घरी मराठी बोलतात, मधूनच खिडकीला गुजराती शब्द वापरून 'बारी बंद कर' म्हणतात, ते चालायचंच. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता येते. तरी मराठी पुस्तक दिलं की दुसऱ्या पानावर अडतात, कारण सवय नाही आणि त्यांच्या वयाचं पुस्तक आपल्या कपाटात नाही. स्कॅनर यावर काय करणार?

म्हणून असं लिहूया: '२०३६ पर्यंत दहा ते पंधरा वयाची किमान चाळीस मुलं दरमहा एक तरी मराठी पुस्तक घरी नेतील, आणि वाचनालय चालवणाऱ्यांपैकी निम्मे चाळिशीच्या आतले असतील.' चाळीस हा आकडा रविवारी वाद घालायला ठेवलाय. दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर मात्र मी अडून बसणार आहे.

'दहा वर्षं कुणी पाहिलीयेत' असं कुणी म्हणण्याआधीच सांगते. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि साऱ्या संस्थानाला लागू केलं ते १९०६ मध्ये. वाचनालयांसाठी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणलं. ते तीनच वर्षं राहिले, १९१३ ला परत गेले. काम थांबलं नाही, कारण १९११ मध्येच त्यांनी इथल्या लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला होता. गावच्या वाचनालयाला पैसे मिळत तेही गावाने आधी आपला वाटा जमवला तर. मग तेवढाच प्रांत पंचायतीचा आणि तेवढाच सरकारचा. फुकट आलेल्या कपाटाची धूळ कुणी पुसत नाही, हे त्या काळीही ठाऊक असणार.

आपणही पहिल्या वर्षी एकच सोसायटी घेऊ. त्या काळी गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांसारखी एक पेटी, तीस पुस्तकं, दर तीन महिन्यांनी बदलायची. अट एकच: त्या सोसायटीने दहा पुस्तकांचे पैसे स्वतः जमवायचे.

प्रेषक: सभासद, टोरंटो (मूळ वाडीचे)

ताई, पेटी छान आहे, पण स्कॅनिंगला एकदम निकालात काढू नका. मंडळाचे साठ-सत्तरच्या दशकातले अंक मी गेल्या खेपेला चाळले. कडा हातात तुटून येत होत्या. मुलं वाचायला लागेपर्यंत ते अंकच उरणार नाहीत. ऑनलाइन टाकले तर माझ्या मुलीही वाचतील. खर्चातला काही भाग मी उचलतो.

प्रेषक: वाचनालय विभाग

हे मान्य. जे फक्त आपल्याकडेच आहे ते स्कॅन करायचं, म्हणजे मंडळाचे अंक आणि हस्तलिखित इतिवृत्तं. जी पुस्तकं पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत सहज मिळतात त्यांना हात लावायचा नाही. ऑनलाइन टाकायचं तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. २०२६ सुरू झालं तेव्हा १९६५ पर्यंत गेलेल्यांचं लेखन मोकळं झालं. अंकात लिहिणारे बरेच जण, देवाच्या दयेने, अजून हयात आहेत. त्यांची किंवा घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. हे काम घरोघरी जाऊन करणारा कुणी हवा, आणि स्कॅनरपेक्षा ते जास्त वेळखाऊ आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

दोन गोष्टी. एक, पाच लाख एकदम खर्च केले तर दुसऱ्या वर्षी वाचनालयात वीजबिलावरून भांडण होईल. मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज सात टक्के धरलं तर वर्षाला पस्तीस हजार, महिन्याला तीन हजारही नाहीत. त्यातलाही काही भाग महागाईसाठी ठेवीत परत टाकावा लागेल. उरलेल्यात एक विद्यार्थी-ग्रंथपाल अर्धवेळ ठेवता येईल की नाही, ते ठरवा. माझ्या मते तीन लाख ठेवीत, दोन लाख पहिल्या तीन वर्षांत. तोवर पेटी चालली नाही तर उद्दिष्ट खाली आणायचं, ठेव मोडायची नाही.

दोन, टोरंटोच्या भाऊंनी आधी पासपोर्ट कुठला ते कळवावं. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी ठरत नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय, असाल तर ठरते, आणि मंडळाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. ती झाली तरी खातं स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. तेव्हा आत्ता घाईने काही पाठवू नका.

प्रेषक: सभासद, टोरंटो

ओसीआय. मग पैशांऐवजी परवानगीच्या पत्रांचं काम द्या. निम्मे जुने लेखक किंवा त्यांची मुलं इकडेच आहेत, फोन मी करतो.

प्रेषक: सचिव

बरं. 'जतन आणि संवर्धन' काढतो. ताईंचं वाक्य, कोषाध्यक्षांची तीन-दोनची विभागणी आणि दरवर्षी डिसेंबरात आकडे सर्वसाधारण सभेपुढे, असा नवा मसुदा उद्या पाठवतो. पेटी कुठे ठेवायची?

प्रेषक: सभासद, मांजलपूर

आमच्या सोसायटीत. वॉचमनच्या खोलीशेजारचं कपाट रिकामं आहे. दहा पुस्तकांचे पैसे उत्तरायणाच्या वर्गणीतून काढते, कुणाला कळणारही नाही. चावी माझ्याकडे राहील, नोंदवही मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी मुली लिहितील. त्यांना विचारलंय. दंड किती लावायचा, एवढंच त्यांनी विचारलं.