पावसाळा, वर्ल्ड कप आणि माळ्यावरचा लेसवाला बॉल : तुमचं ज्ञान इथं ओता

कृष्णाकाठचा_गोली :
काल माळा आवरताना लेसवाला चामडी फुटबॉल निघाला. आतला रबरी फुगा म्हणजे ब्लॅडर चिकट झालंय, चामडं पापडासारखं कडक, पण वास अजून तोच. त्या वासासरशी पहिल्या पावसातलं ग्राउंड आठवलं आणि हा धागा काढला. ११ जून २०२६ ला फुटबॉलचा वर्ल्ड कप, मागोमाग पाऊस. सांगलीत गल्लोगल्ली मेस्सीच्या जर्सी आणि घरोघरी चिखल. बॉल, बूट, ग्राउंड, टीव्ही यांचं पावसाळ्यात काय करता ते लिहा. "आमच्या वेळी" पुरे झालं, कामाचं लिहा.
माझं पहिलं : चामडी बॉल पाणी पितो आणि जड होतो. ओला झाला की हवा निम्मी करा, फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, मग चामड्याचं मेण चोळा. उन्हात ठेवला की चामडं आखडतं आणि टाके तुटतात. १९८६ च्या वर्ल्ड कपपासून अख्खा सिंथेटिक बॉल आला, त्यामागचं मोठं कारण हे पाणीच.

विश्रामबाग_नंबर४ :
चिखलापेक्षा जास्त बॉल पंपानं मरतात. कोरडी सुई घुसवायची नाही. सिलिकॉन ऑइल नाहीतर ग्लिसरीनचा एक थेंब. खोबरेल, व्हॅसलीन नको, रबर सैल पडतं. सुई सरळ आणि हळू फिरवत. तिरकी गेली की व्हॉल्व्ह फाटला म्हणून समजा.
दाब नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय आहे, पण प्रत्येक बॉलवर व्हॉल्व्हशेजारी त्याचा स्वतःचा आकडा छापलेला असतो, तो पाळायचा. गेज नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा, जरासा दबला पाहिजे. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कधीच नाही! तिथं गाड्यांच्या हिशोबानं दाब असतो. दोन सेकंदांत शिवण ताणते आणि बॉल अंड्यासारखा होतो.

भडंग_एक्सप्रेस :
म्हणजे आमच्या गल्लीतल्या फ्री किक वळतात त्या टॅलेंटनं नाही, कॉम्प्रेसरनं. कळलं.

मिरज_जंक्शन :
@नंबर४ बरोबर. एक जोडतो. बॉल नरम पडला म्हणजे पंक्चरच असं नाही. लॅटेक्सचं ब्लॅडर असेल तर ते काही दिवसांत आपोआप नरम पडतं, उसळी मात्र झकास देतं. ब्युटिल रबराचं हवा धरून ठेवतं.
तपासायचं असं : व्हॉल्व्हवर साबणाचा फेस. तिथंच बुडबुडे आले तर बहुतेक माती अडकलीय नाहीतर व्हॉल्व्ह सुकलाय. ग्लिसरीन लावून सुई चार वेळा आतबाहेर करा. तरी थांबलं नाही तर बादलीत बुडवा. इथंच लोक फसतात. शिवलेल्या बॉलमध्ये हवा ब्लॅडरच्या भोकातून निघते पण बाहेर पडते कुठल्या तरी भलत्याच शिवणीतून. त्यामुळं बुडबुडे दिसले तिथं सोल्यूशन फासून उपयोग नाही. हातानं शिवलेला असेल तर एका पॅनेलच्या (शिवलेल्या तुकड्याच्या) दोन बाजू उसवून ब्लॅडर बदलतात, मेण लावलेला नायलॉन दोरा आणि दोन सुया. चप्पल-बूट शिवणारे जुने कारागीर करून देतात. पॅनेल चिकटवलेला बॉल असेल तर नाद सोडा, तो उघडला की संपला.

चहा_अर्धा :
कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती आहे?

मिरज_जंक्शन :
@चहा_अर्धा अजून पावसाचा पत्ता नाही मर्दा! ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. तुला मे महिन्यातच २०१९ चा महापूर आठवायला लागला.

अजिंक्यतारा_व्ह्यू :
साताऱ्यातून. ग्राउंड आखण्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो.
फक्की म्हणून जे मिळतं त्यात दोन प्रकार असतात, एक खडूची भुकटी आणि दुसरा विरवलेला चुना. चुना ओल्या ग्राउंडवर मारला आणि पोरगं त्यावर घसरलं की मांडी सोलवटते, डोळ्यात गेला तर फार वाईट. डोळा पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यात धरायचा आणि तसंच डॉक्टरकडं. दुकानात स्पष्ट विचारा, खडूचीच घ्या.
काटकोनासाठी बारा मीटरची दोरी, ३ आणि ७ मीटरवर गाठी, टोकं जुळवून तीन खुंट्यांवर ताणायची. ३-४-५ चा त्रिकोण, गवंडी करतात तेच. गोलपोस्ट ७.३२ बाय २.४४ मीटर. मोठी डी, म्हणजे गोलपुढचा पेनल्टीचा चौकोन, खांबाच्या आतल्या कडेपासून दोन्हीकडं १६.५, म्हणजे एकूण ४०.३२ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर आणि तिथूनच ९.१५ ची कमान. लोक कमान डीच्या रेषेवरून मारतात, मग ती टोपीसारखी फुगते. रेषेची रुंदी १२ सेंटिमीटरच्या आत.
आणि लोखंडी सुटा गोल असेल तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका. पोरं क्रॉसबारला लोंबकळतात आणि गोल पुढं उलटतो. हे मजेवारी नेऊ नका.

काळी_माती :
फक्की ठीक आहे हो, पण आमच्या ग्राउंडवर रेषा दिसायला आधी ग्राउंड दिसलं पाहिजे. काळ्या रानात पहिल्या सरीनंतर बुटाला दोन-दोन किलो लगदा. स्टड (तळाचे खुंट) कुठलेही घाला, मधली जागा भरली की ती चप्पलच. त्यातल्या त्यात कमी आणि लांब स्टडचे बरे, बारीक जास्त स्टडवाले लगेच भरतात. मुरमाड ग्राउंड असेल तर उलटं, तिथं लांब स्टडनं घोटा मुरगळतो. साचलेलं पाणी स्पंजनं किंवा पोत्यानं टिपा, वर थोडी वाळू. ओल्यात रोलर फिरवू नका, माती दाबली जाते आणि पुढच्या पावसात तिथंच तळं होतं.

दोन_पोरांची_आई :
बूट बाहेरच झटकायचे. चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या मग लाकडी काडीनं पडतो. आतली गादी काढून वेगळी. बुटात वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदला. गॅसजवळ ठेवले की सोलचा गोंद सुटतो, कितीही घाई असली तरी नाही. वासाला खाण्याचा सोडा एक चमचा, रात्रभर.
माझा प्रश्न आहे, धाकटा नऊ वर्षांचा, त्याला कुठला बॉल? दुकानदार ५ नंबरच देतो, म्हणतो वाढतं अंग आहे. (कुकर लावलाय, येते.)

विश्रामबाग_नंबर४ :
ताई, बॉल म्हणजे शाळेचा गणवेश नाही वाढत्या अंगाचा घ्यायला! ८ ते १२ वयाला ४ नंबर, घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. ५ नंबर ४१० ते ४५० भरतो. नऊ वर्षांचं पोरगं तो लांब मारायला गेलं की टाचेपासून ताण घेतं आणि चुकीची किक अंगवळणी पडते. हेडिंग तर या वयात नकोच.

दोन_पोरांची_आई :
गणवेश हाहाहा. ४ नंबर आणते.

लाइट_गेली :
टीव्हीचं माझ्याकडून. आपली वेळ काढायची तर न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, मेक्सिको सिटीच्या साडेअकरा, लॉस एंजेलिसच्या साडेबारा. फायनल तिथं १९ जुलैला दुपारी ३, म्हणजे आपली २० तारीख उजाडताना रात्री साडेबारा. रविवार रात्र समजून बसा, सोमवारची रजा आत्ताच टाका.
४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॅट, सेटटॉप बॉक्स १५, राउटर १२. पंखा धरून २०० म्हणा. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, खरे हजारभर धरा. चार-पाच तास जातील. एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी सगळं बसतं. २०२२ ची फायनल साडेआठला सुरू होऊन सव्वाअकरा उलटेपर्यंत चालली होती. बॅटरीचं पाणी आत्ताच बघा, डिस्टिल्डच घाला, नळाचं नको.
जोराच्या पावसात डिशच्या छत्रीचा सिग्नल जातो, तो पाऊसच लहरी शोषतो, छत्री हलवू नका. मोबाइलवर बघाल तर चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागं असतं. शेजारी आधी ओरडतो, मग आपल्याकडं कॉर्नर लागतो. एकच उपाय, शेजाऱ्याकडंच जाऊन बसा.

भडंग_एक्सप्रेस :
शेजाऱ्याकडं जाताना भडंग मी आणतो. लसूणवालं का साधं?

चहा_अर्धा :
लसूण. शेंगदाणे जास्त.

अजिंक्यतारा_व्ह्यू :
कंदी पेढे आमच्याकडून. यंदा मॅचच्या दोन्ही हाफमध्ये तीन-तीन मिनिटांचा पाणी ब्रेक आहे म्हणे, पेढे तेव्हा फिरवा.

काळी_माती :
नवीन नियम माहितीय का, गोलकीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर कॉर्नर. आधी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, पण कोण द्यायचं? आता रेफ्री शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांवर मोजतो. आपल्या गल्लीतले गोली बॉल पोटाशी धरून झोपतात, त्यांचं अवघड आहे.

कृष्णाकाठचा_गोली :
@काळी_माती वैयक्तिक होतंय हे.

लाइट_गेली :
२०२२ च्या बॉलमध्ये सेन्सर होता, सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा. मॅचआधी चार्जिंगला लावायचे, मोबाइलसारखा. त्यामुळं ऑफसाइडला पास नेमका कधी सुटला ते कळतं. शिवाय स्टेडियमच्या छताला १२ कॅमेरे.

दोन_पोरांची_आई :
घोटा मुरगळला की काय करता? थोरला परवापासून लंगडतोय, सासूबाई हळदीचा गरम लेप म्हणतात.

मिरज_जंक्शन :
ताई, पहिले दोन दिवस गरम काहीच नको, चोळायचंही नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज, पाय छातीपेक्षा वर. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड मागून दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा. मिरजेत असाल तर डॉक्टरला तोटा नाही. सांगलीची हळद दुधात घालून द्या, सासूबाईंचंही मन राहील.

कृष्णाकाठचा_गोली :
ते राहिलंच, या लेसवाल्या बॉलला नळीवालं ब्लॅडर मिळेल का कुठं? वापरायला नाही, शोकेसमध्ये फुगलेला ठेवायचाय.

मिरज_जंक्शन :
शोकेसला ब्लॅडर कशाला, जुन्या कापसानं भर. फुगवायचाच असेल तर ५ नंबरचं साधं ब्युटिल ब्लॅडर घाल, व्हॉल्व्ह लेसच्या फटीत येईल असा बसव आणि ३-४ पीएसआयच्या वर जाऊ नको, जुने टाके धरणार नाहीत. आधी चामडं मेणानं दोन दिवस मऊ कर. लेस चामड्याचीच घे, नायलॉनची भोकं कापत जाते.