सेवा करणाऱ्यांना शाल-श्रीफळ द्यावं का? (एमवायच्या जेवणावरून)

रामबागी
जय ख्रिस्त मंडळी. इंदूरमधल्या आमच्या चर्चचा (नाव घेत नाही) तरुण संघ रविवारी उपासना झाली की एमवाय हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना वरण-भात वाटतो. झाबुआ, धार, खरगोनकडची माणसं, पेशंट आत आणि हे बाहेर चटई टाकून पडलेले. आता ठराव आलाय की सेवा करणाऱ्यांचा सत्कार करायचा आणि नावं फोटोसकट फ्लेक्सवर लावायची. माझा साफ विरोध. मागे एका म्हातारीला भरलेलं ताट धरून उभं केलं होतं, "अम्मा, इधर देखो" म्हणत, ती बिचारी एका हाताने पदर सावरतेय, दुसऱ्या हातात ताट, आणि आमचा फोटोग्राफर म्हणतो थांबा बॅनर नीट दिसत नाहीये. बायबलमध्ये मत्तयाच्या ६व्या अध्यायात प्रभूने काय सांगितलंय, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. आपण तर अख्ख्या शहराला कळवायला निघालोय.

टीचरबाई
दादा, म्हातारीचं चुकलंच, त्यावर वादच नाही. पण ६वा वाचताना ५वा का गाळता? तेच डोंगरावरचं प्रवचन, १६वी ओवी, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं पाहावीत. पाहावीत म्हटलंय ना? आणि पोरं सकाळी लवकर उठून कांदे चिरतात, त्यांना कोणी शाब्बास म्हटलं तर बिघडलं कुठे? पुढच्या वर्षी पोरं येणार कशाने?

रामबागी
ताई, ओवी पूर्ण करा की. कामं पाहून लोकांनी स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं असं आहे. फ्लेक्सवर पित्याचा नाही, सेक्रेटरी साहेबांचा फोटो येणारे, तोही सगळ्यात मोठा 😀

सराफ्यातला_भिया
मी ख्रिश्चन नाही, पण बोलतो. भिया, तुमच्याच त्या अध्यायात पुढे लिहिलंय की गुप्तपणे द्या म्हणजे पिता तुम्हाला प्रतिफळ देईल. मग निःस्वार्थ कसलं? इथे शाल नको, वर मोठं काहीतरी मिळणार म्हणून. आणि दुसरं, राग नका मानू, मिशनरी सेवेमागे धर्मांतराचा हिशोब असतो असं लोक म्हणतात ते उगाच नाही, आपल्या मध्य प्रदेशात १९५६ सालीच सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा रिपोर्ट आलाय त्यावर.

जुनी_इंदूर
समितीचा रिपोर्ट आला आणि ख्रिस्ती लोकांनी तेव्हाच त्याला विरोधही केला, तेही सांगा. बाकी सिस्टर राणी मारिया ऐकलंय? आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या तावडीतून माणसं सोडवायला बचत गट वगैरे. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमध्ये चाकूने मारलं त्यांना. मारणारा समंदर सिंह, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही नन, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. सांगा यात कुणाला काय मोबदला मिळाला.

सराफ्यातला_भिया
राखीचं माहीत होतं, त्यापुढे हात जोडले. पण मग २०१७ ला इंदूरातच एवढा मोठा सोहळा करून त्यांना धन्य (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तो सत्कार नाही का?

जुनी_इंदूर
अहो २२ वर्षांनी! शाल घ्यायला बाई स्टेजवर आल्या होत्या का?

टीचरबाई
हे बघा, सगळे शहीद नसतात. पंडिता रमाबाईंचं घ्या. १८८७ ला बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी असोसिएशन उभी राहिली ती बाईंनी अमेरिकाभर फिरून, भाषणं देऊन, विधवांची परिस्थिती सांगून. गप्प बसल्या असत्या तर शारदा सदन निघालं असतं? मग दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यांना खायला काय घातलं असतं? लोकांना दिसल्याशिवाय पैसा येत नाही, तांदूळ काही आभाळातून पडत नाही. प्रतिफळाचं म्हणाल तर भियांचा मुद्दा मला पटतो, आपण सगळेच काहीतरी अपेक्षा ठेवतो, निदान कबूल तरी करू.

रामबागी
रमाबाईंनी काम सांगितलं, गरज सांगितली, ते करूच. हिशोब नोटीस बोर्डावर लावा, किती तांदूळ, किती डाळ, कुणाचं अर्पण किती ते मात्र नको. भियांना उत्तर: लूक १४ मध्ये प्रभू म्हणतो, जेवायला श्रीमंत शेजारी बोलावू नका, ते उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल, ज्यांना परतफेड जमत नाही त्यांना बोलावा. प्रतिफळाचा शब्द तिथेही आहे, नाकारत नाही. पण ते देवाच्या हातात, तुमच्या-माझ्या वहीत नाही. आणि लूक १७ तर कडकच आहे, सगळं करून झाल्यावर म्हणा की आम्ही निरुपयोगी दास, करायचं तेवढंच केलं. निरुपयोगी दासाला शाल कुठे गुंडाळायची बुवा? धर्मांतराचं म्हणाल तर ताट देताना आम्ही कुणाला धर्म काय, गाव काय विचारत नाही, पत्रकंही वाटत नाही. कोणी वाटली तर पहिला मी भांडेन.

सराफ्यातला_भिया
पत्रकं नाहीत हे माहीत नव्हतं. मग रविवारी बघायला येतो, भात वाढायला चालेल ना?

टीचरबाई
या भिया, भांडी घासायलाच माणूस कमी पडतं, वाढायला सगळे पुढे असतात. आणि रामबागी दादा, फोटो-फ्लेक्स रद्द करा, मान्य. पण पोरांना सभेत उभं करून टाळ्या तरी वाजवणार, त्यावर माझं मत तुमच्या विरोधातच पडेल.