मदत हवी आहे: एकूण गोलांवरच्या पैजेचं गणित कुणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी,

फुटबॉलमध्ये एकूण गोल २.५ च्या वर की खाली, याची शक्यता मी पॉयसन वितरणाने (सरासरीवरून ०, १, २... गोलांची शक्यता देणारं सूत्र) काढतो. दोन्ही संघांचे मिळून सरासरी २.७ गोल धरले तर तीन किंवा जास्त गोलांची शक्यता ५०.६ टक्के येते. सरासरी २.५ धरली की तीच थेट ४५.६ वर घसरते! बुकी दोन्ही बाजूंना १.९० भाव देतो, तेव्हा त्या भावांतल्या शक्यतांची (१ भागिले भाव) बेरीज १०५ टक्क्यांपुढे जाते; शंभरावरचं ते बुकीचं मार्जिन. म्हणजे सरासरी जराशी चुकली तरी सगळं मुसळ केरात.

म्हणून मुख्य प्रश्न: ही सरासरी तुम्ही कशावरून ठरवता? झालेले गोल की एक्सजी (संधींच्या दर्जावरून काढलेले अपेक्षित गोल)? दोन्ही घेत असाल तर कुणाला किती वजन?

दुसरं, कमी गोलांच्या निकालांसाठी पॉयसनच्या गणितात डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी सुचवलेली १९९७ ची दुरुस्ती. ती ०-०, १-०, ०-१, १-१ एवढ्याच निकालांना लागते आणि या चौघांची एकूण शक्यता तेवढीच राहते. मग सरासरी तीच ठेवली तर २.५ च्या रेषेवर (ज्या आकड्याच्या वर की खाली अशी पैज लागते तो) तिचा काहीच परिणाम होऊ नये, फक्त ०.५ आणि १.५ वर व्हावा. बरोबर ना?

आणि २.७५ ची रेषा. अर्धी रक्कम २.५ वर, अर्धी ३ वर. नेमके तीन गोल झाले की ‘वर’ची एक अर्धी जिंकते, दुसरी परत मिळते. २.७ सरासरीला ‘वर’चा रास्त भाव (ना नफा ना तोटा) मला २.२५ मिळाला. कुणी पडताळून सांगितलं तर फार उपकार होतील.