स्टफिंग टर्कीच्या पोटात नको, ट्रेमध्ये भाजा

जुई (न्यू जर्सी)

नोव्हेंबर लागला की थँक्सगिव्हिंगचे, म्हणजे इथल्या टर्की भाजून जेवायच्या सणाचे, वेध लागतात. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर स्टफिंगची विचारणा सुरू होते, आणि कोणीतरी ठरलेलं उत्तर देतं: पाव, कांदा, सेलरी एकत्र करा आणि टर्कीच्या पोटात ठासून भरा. माझं मत अगदी उलट आहे. स्टफिंग घरीच करा, तयार पाकीट आणू नका, पण ते टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या ट्रेमध्ये भाजा.

पोटाचा मधला भाग सगळ्यात शेवटी तापतो. तोवर कच्च्या पक्ष्याचा रस त्या पावात मुरत असतो, आणि त्यात साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. म्हणूनच अमेरिकेचं कृषी खातं सांगतं की स्टफिंगच्या मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, तापमान झालंच पाहिजे. पण मध्य तिथवर पोचेपर्यंत छातीचं मांस त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. टर्की लवकर काढली तर स्टफिंग कच्चं, उशिरा काढली तर मांस सुकलेलं. मग ग्रेव्ही ओतत बसायचं.

माझ्यासाठी दुसरं कारण याहून मोठं आहे. थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारी येतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत गुरुवार पाळतात. काही वर्षी तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवारच त्या दिवशी येतो, २०२५ साली तसंच झालं. तिकडून आईवडील, सासूसासरे आलेले असतात. टेबलावरचा सगळ्यात चविष्ट पदार्थ पक्ष्याच्या पोटातून निघाला तर त्यांच्या पानात काय वाढणार? कुस्करलेला बटाटा आणि क्रॅनबेरीची चटणी? मला ते पटत नाही. घरी जेवायला बोलावलेल्या माणसाला मुख्य पदार्थ मिळालाच पाहिजे.

मी असं करते. एक पौंडाचा, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचा, साधा बिनगोड पाव घेऊन त्याचे पाऊण इंची तुकडे करते. ते मोठ्या ट्रेमध्ये पसरून २५० फॅरनहाइटवर पाऊण तास वाळवते, मध्ये एकदोनदा हलवते. तुकडा मोडला तर आतपर्यंत कोरडा हवा, पण लाल व्हायला नको. नुसता दोन दिवसांचा शिळा पाव चालेल असं बरेच जण म्हणतात. तो हाताला कडक लागतो खरा, पण आत ओलावा असतोच, आणि स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून काढलेलं पाणी, पडला की त्याचा लगदा होतो. मग एक स्टिक, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, लोण्यात दोन मोठे कांदे आणि सेलरीचे चार दांडे बारीक चिरून मंद आचेवर शिजवायचे. इथे घाई नको. कांदा पारदर्शक झाला पाहिजे आणि सेलरीचा कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग चढता कामा नये. मग सेज, थाईम, पार्सली यांची ताजी सुवासिक पानं, मीठ, भरपूर मिरी. त्यावर अडीच कप भाज्यांचा स्टॉक आणि दोन फेटलेली अंडी. स्टॉकमध्ये वाळलेले शिताके मशरूम टाका, मांसाची उणीव जाणवत नाही.

हे पावावर ओतून दहा मिनिटं थांबा आणि मूठभर घेऊन दाबून बघा. गोळा धरला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळायला नको. गळत असेल तर थोडा सुका पाव घाला, गोळा सुटत असेल तर स्टॉक. ३५० फॅरनहाइटवर फॉइल लावून अर्धा तास, मग फॉइल काढून आणखी २५ मिनिटं. वरचा थर कुरकुरीत, आतला मऊ. पोटातल्या स्टफिंगला हा कुरकुरीत थर कधीच येत नाही.

आणि कृपा करून त्यात गरम मसाला घालू नका. सेजची चव नाजूक असते, ती पार मरते.

सुहास (बॉस्टन)

जुई, कृती उत्तम आहे, पण पहिला मुद्दा मान्य नाही. पक्ष्याच्या पोटात भरलेलं स्टफिंग हा या जेवणाचा गाभा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ साली ज्या थँक्सगिव्हिंगची घोषणा केली त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिणाऱ्या सारा जोसेफा हेल यांनी १८२७ च्या आपल्या कादंबरीत न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे आमच्या ईशान्य अमेरिकेतलं, हे जेवण वर्णन केलंय. तिथे टेबलावर अग्रस्थानी टर्की आहे, आणि लेखिकेला वास येतो तो तिच्या पोटातल्या स्टफिंगचा. तो वास ट्रेमधून येत नाही. टर्कीची चरबी आणि रस पावात तास न् तास मुरतात म्हणून येतो. शिताके कितीही टाका, ती चव वेगळी.

आता सुरक्षिततेबद्दल. तुम्ही कृषी खात्याचा दाखला दिलात. वेगळं शिजवणं जास्त सुरक्षित असं ते म्हणतंच, पण पोटात भरायचं असेल तर कसं भरावं हेही सांगतं. सैल भरा, टर्कीच्या एका पौंडाला साधारण पाऊण कप. पाव फुगतो, त्याला जागा लागते. मिश्रण ओलसर ठेवा, कारण ओल्या मिश्रणात उष्णतेने जंतू लवकर मरतात. आदल्या रात्री भरून ठेवू नका. ओव्हन ३२५ च्या खाली नको. टर्की बाहेर काढल्यावर २० मिनिटं तशीच ठेवा. ‘ठासून भरा’ ही चूक आहे हे मान्य, पण ती ठासण्याची चूक आहे.

मी आणखी एक करतो. स्टफिंग मलमलच्या पिशवीत बांधून मायक्रोवेव्हमध्ये चांगलं कडकडीत तापवतो आणि तसंच गरम गरम पोटात सरकवून लगेच टर्की ओव्हनमध्ये घालतो. मध्यभाग गारठ्यापासून सुरुवात करत नाही, त्यामुळे मांस वाळायच्या आत १६५ गाठतो. पिशवी ओढली की सगळं एकदम बाहेर येतं, चमच्याने खरवडायला लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर १२ ते १४ पौंडाच्या टर्कीला ३२५ वर रिकामी असताना ३ ते पावणेचार तास लागतात, भरलेली असताना साडेतीन ते ४. एवढ्या फरकासाठी ती चव सोडायची?

शर्वरी

मी पाकिटाच्या बाजूने बोलणार आहे. मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, थँक्सगिव्हिंगला बहुतेकदा ड्यूटी असते. स्टोव्ह टॉप या ब्रँडचं तयार स्टफिंगचं पाकीट पाच मिनिटांत होतं आणि माझी मुलं ते आवडीने खातात. १९७२ साली ते बाजारात आलं, त्यामागे जनरल फूड्समध्ये काम करणाऱ्या रूथ सीम्स नावाच्या होम इकॉनॉमिस्ट, म्हणजे गृहविज्ञानातल्या तज्ज्ञ, होत्या. पावाच्या तुकड्याचा आकार किती हवा, म्हणजे गरम पाणी घातल्यावर तो नीट फुलेल आणि लगदा होणार नाही, हे त्यांनी शोधून काढलं. तुम्ही मूठ दाबून बघता, तेच त्यांनी प्रयोगशाळेत केलं. त्या कामाला ‘आणू नका’ म्हणून झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही.

जुई (न्यू जर्सी)

शर्वरी, ड्यूटी करून घरी आलेल्या माणसाने काय खावं हे मी सांगणार नाही. माझा आक्षेप चवीपेक्षा घटकांवर आहे. बऱ्याच पाकिटांत कोंबडीचा अर्क असतो, आणि पुढच्या बाजूला पावाचंच चित्र असल्यामुळे ते कळत नाही. आमच्याकडे एका काकूंनी शाकाहारी समजून ते पानात घेतलं होतं. नंतर त्यांना कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढे जेवल्याही नाहीत. पाकीट आणाच, पण मागची यादी वाचून आणा.

सुहास, तुमची मलमलची पिशवी चांगली आहे, पण ती करणारे तुम्ही एकटेच असाल. ज्यांच्याकडे मांसाचा थर्मामीटरच नाही त्यांना ‘पोटात भरा’ असा सल्ला सरसकट देणं धोक्याचं आहे. शिवाय गुरुवारच्या मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाहीत.

अटलांटाकर

ट्रेच्या बाजूने माझं मत. पण पाव? आमच्या दक्षिणेत याला ड्रेसिंग म्हणतात आणि ते मक्याच्या कॉर्नब्रेडचंच करतात. कॉर्नब्रेडही कोणतंही नाही. मक्याचं पीठ, ताक, अंडी, साखर अजिबात नाही, आणि बिडाचा तवा ओव्हनमध्ये आधी तापवून त्यात पीठ ओतायचं. ओतताना चर्र आवाज आला पाहिजे, म्हणजे खालची कड खरपूस होते. आदल्या दिवशी करून कुस्करून ठेवा.

लुइझियानात ऑयस्टर घालतात, मिनेसोटात वाइल्ड राइस, पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे लोक बटाट्याचं करतात. तेव्हा सुहासराव, न्यू इंग्लंडची एक कादंबरी म्हणजे सगळी अमेरिका नव्हे. आपल्या माणसांना तर मक्याचं जास्त जवळचं वाटेल. माझ्या आईने पहिल्यांदा खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं, पावाच्या स्टफिंगचं तसं झालं नव्हतं.

आणि ज्यांना टर्कीचा रस हवाच आहे त्यांनी ट्रेमधल्या ड्रेसिंगवर टर्कीचे पंख ठेवून भाजावेत. चरबी आणि रस खाली उतरतो. शाकाहारी ट्रे वेगळा. दोन्ही जमतं.

मूळची वसईची (टोरांटो)

आमच्या कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, त्यामुळे गुरुवारची अडचण नाही. पण जुईताई, मसाल्याबद्दल मला बोलायलाच हवं.

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरातली. नाताळला आमच्याकडे कोंबडी भरून भाजतात, आणि भरतात ते पाव, बटाटा, कांदा, कलेजी-पेटा, आलं-लसूण आणि बॉटल मसाला घालून. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि बाकीचे मसाले वाळवून, भाजून, कुटून तो मसाला करायचा आणि तपकिरी बाटल्यांत घट्ट भरून ठेवायचा, तो वर्षभर पुरतो. माझी आजी कलेजी आधी परतून घ्यायची, मगच मसाला टाकायची, म्हणजे मसाला करपत नाही आणि कलेजीचा उग्र वास जातो. पाव दुधात नाही, कोंबडीच्याच पाण्यात भिजवायचा. हे आम्ही अमेरिकेकडून शिकलो नाही. गोव्यातही ख्रिस्ती घरांत डुकराचं पिल्लू भरून भाजायची रीत आहे.

तेव्हा ‘मसाला घालू नका’ हा नियम कोणासाठी? इथल्या इटालियन घरांत बडीशेपवालं सॉसेज स्टफिंगमध्ये सर्रास पडतं, त्यांना कोणी म्हणत नाही की सेजची चव मेली. मी सेज वापरतच नाही. अर्धा चमचा बॉटल मसाला, कोथिंबीर, वर लिंबू. तो माझा थँक्सगिव्हिंगचा पदार्थ आहे आणि माझ्या मुलांना तोच माहीत आहे.

जुई (न्यू जर्सी)

वसईच्या ताई, तुमचा पदार्थ मुळातूनच मसाल्याचा आहे, त्यात सेज नाहीच. त्याला माझी हरकत कशी असेल? माझा विरोध आहे तो सेज, थाईम, रोझमेरी घालून झाल्यावर ‘फिकं लागतंय’ म्हणून वरून चमचाभर गरम मसाला भुरभुरवण्याला. लवंग-दालचिनी सेजवर चढून बसतात आणि धड हेही नाही, धड तेही नाही असं होतं. फिकं लागलं तर बहुतेक वेळा मीठ कमी असतं किंवा कांदा नीट शिजलेला नसतो. पावाला मीठ आपल्या अंदाजापेक्षा जास्त लागतं.

कलेजीचं मात्र सविस्तर लिहा, प्रमाणासह.

नेहा_सिअ‍ॅटल

आमच्याकडे अंडंही चालत नाही. मग काय करायचं? आणि मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, न्यायचं आहे, तासभर गाडीत राहील.

जुई (न्यू जर्सी)

अंडं सरळ गाळा, स्टॉक अर्धा कप कमी करा. थोडं सुटंसुटं होईल, चमच्याने वाढता येतं. वडीसारखं कापायला हवं असेल तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून घाला, चिकटपणा येतो. जवस किंचित भाजून घेतलात तर बरं.

पॉटलकसाठी: घरी फॉइल लावून अर्धा तास भाजा, उरलेली २५ मिनिटं तिथे पोचल्यावर भाजा. तिथे ओव्हन नसेल तर पूर्ण भाजून ट्रे जाड टॉवेलात गुंडाळून न्या. बाहेर काढल्यापासून दोन तासांत संपलं नाही तर फ्रिजमध्ये टाका, आणि ३-४ दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात परतलंत तर पहिल्या दिवसापेक्षा छान लागतं.

सुहास (बॉस्टन)

गुरुवारबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडेही आई गुरुवार करते. तिच्यासाठी वेगळा ट्रे असतो, स्वतंत्र चमचा, स्वतंत्र स्टॉक, आणि तो ओव्हनमध्ये टर्कीच्या वरच्या जाळीवर असतो, खाली नाही, म्हणजे थेंबही पडायचा प्रश्न नाही. तिला मुख्य पदार्थ मिळतो. पण त्यासाठी बाकी दहा जणांच्या टर्कीचं पोट रिकामं ठेवायचं, हे मी करणार नाही. दोन्ही करायला अर्धा पाव जास्त लागतो, एवढंच. अटलांटाकरांचे पंख मी करून पाहिलेत. वरचा थर भिजतो, तळापर्यंत रस जात नाही.

थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी स्टफिंग सोडण्याआधी तो घ्यावा. स्टफिंग वेगळं भाजलं तरी टर्कीच्या मांडीत आणि छातीत तो घालावा लागणारच आहे.

अटलांटाकर

तळापर्यंत जातो. ट्रे उथळ घ्या आणि पंखांना आधी सुरीने चिरा द्या.