बंद बोटीची बॅटरी का उतरते? तुमचे अनुभव लिहा

दापोलीकर (धागाकर्ता)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी ओढून घेतल्या, शाकारल्या, की ६१ दिवस बॅटरीकडे कोणी फिरकत नाही. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर चावी फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो. दुकानात नेली तर उत्तर ठरलेलं, "बॅटरी गेली, नवीन घ्या." अशा किती धडधाकट बॅटऱ्या दरवर्षी भंगारात जातात, बघवत नाही.

हिशेब करून बघा. समजा बंद बोटीत कुठेतरी ५० मिलिअँपिअर गळतंय, म्हणजे दोन-तीन एलईडी टिकल्या पेटतील एवढाच करंट. पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि ६१ दिवसांत ७३. शंभराच्या बॅटरीत मग राहिलं काय? शिवाय बॅटरी आपली आपण थोडी उतरते ते वेगळंच.

ज्यांनी कारण शोधून काढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कुठली बॅटरी घ्यावी हा विषय इथे नको. काय मोजलं आणि चोर कुठे सापडला, तेवढं हवंय.

हर्णैचा_पोरगा

आमच्या बोटीवर चोर निघाला बिल्ज पंप. मेन स्विच बंद केला की सगळं बंद, असं सगळे धरून चालतात. पण ऑटोमॅटिक पंपाची वायर मुद्दाम मेन स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतलेली असते, म्हणजे माणूस नसतानाही तळातलं पाणी उपसलं जावं. ते बरोबरच आहे, बदलू नका.

पावसात शाकारणीला एके ठिकाणी गळती होती, पाणी तळाशी यायचं आणि पंप दिवसातून कितीतरी वेळा चालू व्हायचा. ती गळती बंद केली तरी बॅटरी उतरतच होती. शेवटी भावाने खाली वाकून टॉर्चच्या उजेडात बघितलं, तर फ्लोट स्विचच्या बिजागरीत जाळ्याचा नायलॉनचा तुकडा गुंतलेला. फ्लोट पुरता खाली बसतच नव्हता, पंप कोरडाच फिरत होता. चिमट्याने तो दोरा काढला, काम झालं. आता बोट वर घेतली की पहिल्यांदा फ्लोट हाताने उचलून सोडतो. पंप लगेच थांबला पाहिजे.

रत्नागिरी_वायरमन

दापोलीकर, चांगला विषय काढलात. मिरकरवाड्यात वर्षानुवर्षं हेच काम करतो, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, तारा सोडवून रात्रभर ठेवा, सकाळी व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, ११.९ च्या खाली रिकामी. काहीही जोडलेलं नसताना दोन-तीन दिवसांत १२.४ च्या खाली आली तर दोष बॅटरीतच आहे. तिथेच टिकली तर दोष बोटीत आहे. एवढं केलं तरी निम्म्या लोकांचे पैसे वाचतील.

आता बोटीतला दोष. सगळे स्विच बंद करा, निगेटिव्हचा लग (तारेच्या टोकाची पकड) काढा, आणि लग व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटर जागच्या जागी जळतो. आकडा दिसला की एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर चोर. रेडिओ-टेपची मेमरी वायर, फिशफाइंडर, वायरलेस, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट, हे नेहमीचे.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर बघा डायनामोकडे. जाड वायर सोडवा. आकडा शून्यावर आला तर आतला डायोड लीक आहे. इंजिन कालपासून बंद आणि डायनामो हाताला कोमट लागला, तर मीटर लावायच्या आधीच समजून जा.

खाडीकाठ

वायरमनदादांना पुस्ती. बॅटरीचं डोकं साफ ठेवा. मिठाचा आणि ॲसिडचा ओलसर थर बसतो आणि त्यातूनही करंट वाहतो. मीटरची काळी पिन निगेटिव्हला, लाल पिन नुसती झाकणाच्या प्लास्टिकवर फिरवा. आमच्याकडे एक व्होल्टच्या वर दाखवत होता! बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, कोरडी केली, आकडा गेला.

सातपाटीची_सून

माझे सासरे पाऊस सुरू व्हायच्या आधीच बॅटरी घरी आणतात. पहिली निगेटिव्ह सोडायची, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. पडवीत लाकडी फळीवर ठेवतात आणि दर महिन्याला चार्जिंग लावतात. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत किंवा देवाच्या दिव्याजवळ अजिबात नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाकतात. आधी टाकायचं तर प्लेटा बुडतील इतकंच.

एक विचारायचं होतं. बॅटरी जमिनीवर ठेवली तर उतरते, म्हणून फळी हवीच, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

रत्नागिरी_वायरमन

ताई, आताच्या प्लास्टिकच्या बॅटरीला जमिनीने काही होत नाही. जुन्या काळी लाकडी आणि रबरी खोके असायचे, तेव्हाची ती गोष्ट. फळी असू द्या, खाली ॲसिड सांडलं तर लादी वाचते. सासऱ्यांची पद्धत उत्तम आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी पहिली ताकद येत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात ती आपोआप उतरतेही लवकर, म्हणून महिन्याचा नेम सोडू नका.

देवगडी_हापूस

आमचा प्रश्न वेगळा होता आणि तो बऱ्याच ट्रॉलरवर असणार, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. सिस्टिम २४ व्होल्टची, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दरवेळी एकच बॅटरी बसायची, दुसरी ठणठणीत. बॅटरीवाल्याने तीच बदलून दिली, पुढच्या वर्षी पुन्हा तीच.

मोठ्या भावाने वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत नेली. जीपीएस आणि वायरलेस बारा व्होल्टचे, ते बसवणाऱ्याने दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढलेली. म्हणजे दोन्ही सेटचा भार एकाच बॅटरीवर. चार्जिंग मात्र दोघींना मिळून. एक कायम उपाशी, दुसरीचं पाणी उकळून आटतंय. चोवीसवरून बारा करणारा कन्व्हर्टर बसवला आणि दोन्ही सेट त्यावर घेतले. त्यानंतर दोन्ही बॅटऱ्या सारख्या चालतात.

तुमच्या बोटीवर दोन बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२.१ दिसली तर आधी मधल्या जोडाला किती तारा आहेत ते बघा. नवीन ट्रान्सपाँडर (बोटीचं ठिकाण कळवणारं यंत्र) बसवताना सुद्धा वायर कुठून घेतली ते उभं राहून बघा.

तारकर्ली_पर्यटन

आमच्याकडे आउटबोर्डची फायबर बोट, दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये. पावसाळाभर बंद. एकीचा एक सेल खराब होता आणि तिने चांगलीलाही खाली ओढलं. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक सेल बघितला तेव्हा कळलं: पाच सेल १.२५ च्या वर, एक १.१५. बंदच्या काळात पॅरललची वायर काढून ठेवतो आता.

मिशिगनमधून

इथे उलटा त्रास, थंडीचा. ऑक्टोबरपासून बोट झाकून ठेवतात, उघडते ती एप्रिल-मेमध्ये. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशालाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे ७-८ लाच गोठते आणि खोकं तडकतं. शेजाऱ्यांची तशीच फुटली, ॲसिड तळभर पसरलं होतं. थंडीत बॅटरी आपोआप फार उतरत नाही, म्हणून पूर्ण चार्ज करून दोन्ही तारा सोडल्या की सहा महिने निवांत. तारा जोडलेल्याच राहिल्या तर बारीक करंट मात्र थंडीतही चालूच राहतो. आमच्या बोटीवर तो स्टीरिओचा होता.

लिथियमवाल्यांसाठी: व्होल्टेज बघून ती किती उरली ते कळत नाही, कारण बराच काळ आकडा जवळजवळ तोच राहतो. शिवाय तिच्या आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) स्वतः थोडं खातं. कंपनीने स्टोरेजसाठी सांगितलेल्या चार्जवर ठेवा.

दापोलीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमनदादा, बोटीवर छोटं सोलर पॅनेल लावून ठेवलं तर चालेल का? आमच्या आळीत दोघांनी थेट बॅटरीला जोडलंय.

रत्नागिरी_वायरमन

चालेल, पण थेट नको. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. थेट जोडलं तर उन्हात बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उडतं, आणि डायोड नसेल तर रात्री उलटा करंट पॅनेलकडे जातो. जून-जुलैत ऊन किती मिळणार तेही बघा, झाप किंवा ताडपत्रीच्या खाली पॅनेलचा उपयोग नाही. तुमच्या शेजारच्या दोघांना सांगा, संध्याकाळी अंधार पडल्यावर पॅनेलच्या वायरवर मीटर लावायला. करंट उलटा दिसला तर त्याच रात्री सोडवून ठेवा.