मदत हवी आहे: फिल्टर बदलला की पूर्ण स्टेट रीलोड होते

नमस्कार मंडळी, अँग्युलरजेएसचं (वेब ॲप बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) जुनं ॲप आहे, राउटिंग (कुठल्या यूआरएलला कुठला स्क्रीन ते ठरवणं) यूआय-राउटर लायब्ररीच्या 0.2 वर. त्यात प्रत्येक स्क्रीन म्हणजे एक स्टेट; ऑर्डर्सची लिस्ट पॅरेंट स्टेट आणि डिटेल तिची चाइल्ड, त्यामुळे डिटेल उघडली तरी मागची लिस्ट जागची हलत नाही, हे मला फार आवडतं. पण फिल्टर यूआरएलमध्ये ठेवलाय आणि तो बदलला की कंट्रोलर (स्क्रीनचा डेटा आणणारा कोड) परत चालतो, लिस्ट परत पहिल्यापासून लोड होते, वापरणारे वैतागलेत. स्टेटची रीलोडऑनसर्च सेटिंग फॉल्स केली (म्हणजे यूआरएलमधला फिल्टर बदलला तरी रीलोड नको) तर बॅक दाबल्यावर यूआरएल बदलते पण लिस्ट जुन्याच फिल्टरवर अडकते. यूआय-राउटर 1.0 मध्ये यूआरएलमधला पॅरामीटर डायनॅमिक करता येतो (तो बदलला तरी स्टेट रीलोड होत नाही), पण तिथे स्टेट बदलायच्या आधी येणारा स्टेटचेंजस्टार्ट इव्हेंट बाय डिफॉल्ट येत नाही आणि आमचा लॉगिन चेक सगळा त्याच्यावरच आहे. कोणी हे अपग्रेड केलंय का? चेक आधी ट्रान्झिशन हुकवर (स्टेट बदलताना आपला कोड चालवायची 1.0 मधली सोय) हलवला की जुने इव्हेंट देणारी पॉलिफिल लावून हळूहळू गेलात?