पेशंट पडल्याची नोंद शून्य, खरं मानायचं का?

स्टाफ नर्स, गंगापूर रोड: आमच्याकडे 40 बेड, रजिस्टरमध्ये तीन महिने कोणी पडल्याची नोंदच नाही, पण मागच्या आठवड्यात एक आजोबा रात्री बाथरूमला जाताना घसरले, मीच उचललं, इन्चार्ज म्हणाल्या लिहू नको. मोजायचं कसं मग?

उत्तर: ताई, शून्य दिसलं की मला तर धडकीच भरते. रोज भरलेल्या बेडची महिन्याची बेरीज काढा, पडलेल्यांच्या संख्येला त्या बेरजेने भागा, 1000 ने गुणा, म्हणजे भरलेल्या बेडच्या दर 1000 दिवसांमागे किती पडले ते कळेल. पण लिहिलं की मेमो मिळणार असेल तर कोण लिहील, आधी ते थांबवा.

सिडकोहून: माझी आई अशीच पडली, खुबा मोडला. नर्सला बोलवायच्या बेलची वायर उशीमागे अडकलेली, हातच पोचत नव्हता हो.

स्टाफ नर्स: बेल आज नाईटलाच प्रत्येक बेडवर बघते.